गाळ्याचे भाडे आणि गावाचे भांडवल

नागपूर जिल्ह्याच्या सावनेर तालुक्यात, कन्हान नदीच्या काठी वसलेले खापा हे विदर्भातील जुन्या नगरपालिका-गावांपैकी एक होय. येथे १८६७ साली नगरपालिका स्थापन झाली. हातमागावरील विणकाम हा गावाचा पूर्वापार धंदा. जवळच गुमगाव येथे मँगनीजची खाण आहे, आणि सभोवार कापूस व संत्र्याचा मुलूख पसरलेला आहे. शेतकरी, विणकर आणि खाण-कामगार ज्या गावात खरेदीस येतात, त्या गावातील बाजारपेठेची जागा ही केवळ जमीन नसते. ते गावाचे भांडवल असते.

लहान नगरपरिषदेच्या पदरी असे भांडवल थोडेच असते : बाजाराचे पटांगण, काही ओटे, रस्त्याकडेच्या गाळ्यांची एखादी ओळ. हे गाळे कोणाला द्यावेत, किती मुदतीने द्यावेत, भाडे किती घ्यावे आणि ते केव्हा वाढवावे, हे प्रश्न सभेच्या विषयपत्रिकेवर साधे दिसतात. प्रत्यक्षात त्यांच्या उत्तरांवर पुढील पंधरा-वीस वर्षांचे उत्पन्न आणि बाजारातील नव्या माणसाची संधी अवलंबून असते. वाणिज्यिक जागांचे भाडेपट्टे व स्थावर मालमत्तेतील गुंतवणूक या विषयावर अर्थशास्त्रज्ञांनी बरेच संशोधन केले आहे. ते मोठ्या शहरांतील कार्यालये व व्यापारी संकुले डोळ्यांपुढे ठेवून झालेले असले, तरी त्यातील तत्त्वे खाप्यासारख्या गावालाही लागू पडतात.

पट्टा म्हणजे काय?

पट्टा हा शब्द या भागाला नवा नाही. खाणीचा पट्टा, शेताचा पट्टा हे शब्द घरोघरी ठाऊक आहेत. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या कलम १०५ प्रमाणे, ठरावीक मुदतीसाठी वा कायमसाठी, मोबदला घेऊन स्थावर मालमत्तेच्या उपभोगाचा हक्क दुसऱ्यास देणे म्हणजे भाडेपट्टा. मोबदला दोन रूपांत असू शकतो. एकरकमी दिलेली रक्कम हे अधिमूल्य आणि नियमित कालांतराने द्यावयाची रक्कम हे भाडे. मालकी पट्टाकाराकडे राहते; उपभोग पट्टेदाराकडे जातो.

याच अधिनियमाच्या कलम १०६ मध्ये एक भेद केला आहे. करारात काही ठरलेले नसेल, तर दुकानासारख्या कामासाठी दिलेली जागा महिनेवारीने दिली असे धरले जाते आणि पंधरा दिवसांच्या नोटिशीने पट्टा संपविता येतो. शेती किंवा वस्तुनिर्मितीसाठी दिलेल्या जागेचा पट्टा मात्र वर्षावारी मानला जातो व त्यास सहा महिन्यांची नोटीस लागते. म्हणजे किराणा दुकानाची जागा आणि माग बसविण्यासाठी घेतलेली जागा यांना कायदा एका मापाने मोजत नाही. तथापि वर्षावारी वा एक वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा कलम १०७ प्रमाणे नोंदणीकृत दस्तऐवजानेच करावा लागतो. नोंदणी नसेल, तर विणकराचा हा आधार न्यायालयात टिकत नाही. कागद करण्याचा आळस दोन्ही पक्षांना महाग पडतो, तो असा.

आणखी एक बाब कार्यालयांनी ध्यानात ठेवावी. मुदत संपल्यावरही पट्टेदार जागेत राहिला आणि कार्यालय मुकाट्याने भाडे स्वीकारत गेले, तर कलम ११६ च्या आधारे पट्टा पुढे चालू राहिल्याचा दावा उभा राहू शकतो. पावती फाडणाऱ्या लिपिकाच्या हातून अशा वेळी नकळत महत्त्वाचा निर्णय होऊन जातो.

भाडे कोठून येते?

भाड्याच्या स्वरूपाचा मूलभूत विचार इंग्लंडचे अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डो यांनी १८१७ साली मांडला. धान्य महाग आहे ते जमिनीचे भाडे द्यावे लागते म्हणून, ही त्या काळची सर्वसाधारण समजूत होती. रिकार्डो यांनी कार्यकारणभाव उलटा करून दाखविला : धान्याला भाव आहे, म्हणून चांगल्या जमिनीला भाडे मिळते. पुढे १८२६ साली जर्मनीतील जमीनदार व अभ्यासक फॉन थ्यूनेन यांनी बाजारपेठेपासूनच्या अंतराप्रमाणे जमिनीचे भाडे कसे बदलते हे दाखविले, आणि १९६४ साली विल्यम अलोन्सो यांनी तोच विचार आधुनिक शहराला लावला. गर्दीच्या चौकातील दहा फुटांचे दर्शनी तोंड आतल्या गल्लीतील वीस फुटांपेक्षा मोलाचे का, याचे उत्तर या परंपरेत मिळते.

यातून निघणारा निष्कर्ष व्यवहाराच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. नगरपरिषदेने गाळ्याचे भाडे कमी ठेवले, तर गिऱ्हाइकाला माल स्वस्त मिळेल, असे सभांमधून पुष्कळदा सांगितले जाते. परंतु शेजारच्या खाजगी दुकानात साखर ज्या भावाने विकली जाते, त्याच भावाने ती नगरपरिषदेच्या गाळ्यातही विकली जाते. मालाचा भाव बाजार ठरवितो. गाळ्याचे भाडे नव्हे. जागेच्या मोलाइतके भाडे वसूल झाले नाही, तर उरलेली रक्कम गिऱ्हाइकाच्या पदरात न पडता ज्याच्या हाती पट्ट्याचा कागद असेल त्याच्या पदरात पडते.

न वाढणाऱ्या भाड्याचा हिशेब

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एखादा गाळा महिना १,००० रुपये भाड्याने दिला आणि भाडेवाढीची अट घातली नाही. बाजारातील भाडे वर्षाला ५ टक्के या दराने वाढत गेले, तर तसल्याच गाळ्याचे भाडे दहा वर्षांनी सुमारे १,६२९ रुपये, वीस वर्षांनी २,६५३ रुपये आणि तीस वर्षांनी ४,३२२ रुपये होईल. विसाव्या वर्षी नगरपरिषद दरमहा १,६५३ रुपये, म्हणजे वर्षाला १९,८३६ रुपये सोडून देत असेल.

स्थावर मालमत्तेच्या मूल्यमापनात उत्पन्नावरून भांडवली मूल्य काढण्याची एक सर्वमान्य रीत आहे : वार्षिक निव्वळ उत्पन्नास अपेक्षित परताव्याच्या दराने भागावयाचे. वरील १९,८३६ रुपयांचा लाभ यापुढेही कायम मिळेल असे धरले आणि १० टक्के परतावा अपेक्षिला, तर त्याचे मूल्य सुमारे २ लाख रुपये होते. गाळा हातांतरित करताना आतल्या हाताने जी पगडी घेतली जाते, तिचे मूळ या आकड्यात आहे. पगडी आकाशातून पडत नाही. सार्वजनिक संस्थेने घ्यावयाचे पण न घेतलेले भाडे म्हणजेच पगडी.

मुंबईने हा अनुभव मोठ्या प्रमाणावर घेतला. तेथील जुनी भाडी १९४० सालच्या पातळीशी बांधली गेली होती. इमारती जीर्ण झाल्या, दुरुस्तीस पैसा उरला नाही, आणि भाडेकरूपणाचा हक्कच विक्रीची वस्तू बनला. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात असे गोठविलेले भाडे काळाच्या ओघात अवाजवी ठरले असल्याचे सांगितले. विदर्भात भाडे-नियंत्रणासाठी मध्यप्रांत व वऱ्हाडचा १९४९ सालचा स्वतंत्र आदेश लागू होता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अंमलात आला, तेव्हा राज्यभरातील वेगवेगळ्या व्यवस्था एका कायद्याखाली आल्या. या अधिनियमाने वर्षाला ४ टक्के भाडेवाढीची तरतूद केली, भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असण्याचे बंधन घातले, आणि शासन व स्थानिक प्राधिकरण यांच्या मालकीच्या जागा आपल्या कक्षेबाहेर ठेवल्या. म्हणून नगरपरिषदेच्या गाळ्याला या कायद्याचे संरक्षण आहे, ही काही ठिकाणची समजूत बरोबर नाही.

मुदत किती असावी?

मग मुदत अगदी थोडी ठेवावी आणि दरवर्षी लिलाव करावा काय? संशोधन यालाही अनुकूल नाही. ऑलिव्हर विल्यमसन (नोबेल पारितोषिक, २००९) व ऑलिव्हर हार्ट (नोबेल पारितोषिक, २०१६) यांच्या अभ्यासाचा एक धागा असा : विशिष्ट जागेवर वा विशिष्ट संबंधावर ज्याने पैसा आणि श्रम घातले, त्याला तो संबंध उद्या तुटण्याचे भय असेल, तर तो पैसा घालणारच नाही. दुकानदार फळ्या बसवितो, विजेची व्यवस्था करतो, उधारीचे खातेदार जोडतो, नावलौकिक मिळवितो. विणकर माग बसवितो. यांतील बराच भाग उचलून दुसरीकडे नेता येत नाही. दर वर्षी बेदखल होण्याची टांगती तलवार असेल, तर गाळा नेहमी तात्पुरताच राहील.

उलट मुदत अतिदीर्घ आणि भाडे अचल असेल, तर वर पाहिलेला तोटा अटळ होतो. तेव्हा मुदत आणि भाडेवाढ या दोन गोष्टींचा विचार एकत्र करावा लागतो. पट्टेदाराला मुदतीची हमी आणि संस्थेला वाढीची हमी, हा या देवाणघेवाणीचा गाभा आहे. देशातील मोठ्या शहरांत कार्यालयीन जागांच्या करारांत दर तीन वर्षांनी १५ टक्के वाढ ही अट सर्रास आढळते. ती वर्षाला सरासरी पावणेपाच टक्के पडते.

नगरपरिषदेला मुदत ठरविण्याची पूर्ण मोकळीक मात्र नाही. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ याच्या कलम ९२ ची मूळ चौकट अशी आहे : स्थावर मालमत्तेच्या हस्तांतरणास शासनाची मंजुरी आणि एकूण सदस्यसंख्येच्या दोन-तृतीयांश बहुमताचा ठराव लागतो. तीन वर्षांपर्यंतचा पट्टा परिषदेला स्वतः देता येतो. परंतु अशा जागेवर पट्टेदाराला कायम स्वरूपाचे बांधकाम करता येत नाही. पुढील नूतनीकरणास संचालकांची परवानगी लागते व एकूण कालावधीलाही मर्यादा आहे. १९८३ साली या विषयावर स्वतंत्र नियमही करण्यात आले. ठरावापूर्वी मुख्याधिकाऱ्यांनी कलम व नियम यांचा दुरुस्त्यांसह असलेला पाठ सदस्यांपुढे ठेवावा, हे उचित. ग्रामपंचायत सदस्यांनीही दीर्घ मुदतीचा विचार करताना जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या पूर्वमान्यतेची तरतूद तपासून घ्यावी.

मक्ता आणि बटई

विदर्भातील शेतकऱ्याला शेत देण्याच्या दोन रीती परिचित आहेत. मक्त्याने दिले, तर ठरलेली रक्कम मिळते आणि पिकाची जोखीम कसणाऱ्याची. बटईने दिले, तर पीक वाटून घ्यावयाचे आणि जोखीमही वाटून घ्यावयाची. स्टीव्हन चेउंग यांनी १९६९ साली बटईच्या अर्थशास्त्रावर ग्रंथ लिहिला. मोठ्या व्यापारी संकुलांत ठरावीक भाड्याबरोबर विक्रीचा काही टक्के हिस्सा घेण्याची जी पद्धत आहे, ती बटईचीच बहीण होय. ती संकुलाच्या मालकाला बाजार गजबजता ठेवण्याची ओढ लावते. खाप्यासारख्या गावात प्रत्येक दुकानाची विक्री मोजणे व्यवहार्य नाही. तेथे मक्ताच सोयीचा. परंतु बटईमागील धडा घेण्याजोगा आहे. बाजारात पाणी, प्रकाश, गटार आणि स्वच्छता असेल, तर गाळ्याचे मोल वाढते. भाडे घेणाऱ्याने बाजार राखलाच पाहिजे.

गूल्ड, पाशिजियन व प्रेंडरगास्ट या तीन अर्थशास्त्रज्ञांनी २००५ साली अमेरिकेतील व्यापारी संकुलांच्या भाडेकरारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गिऱ्हाइकांना ओढून आणणारी मोठी दुकाने बहुधा नाममात्र भाडे देतात किंवा मुळीच देत नाहीत. त्यांच्यामुळे आलेल्या गर्दीचा लाभ घेणारी लहान दुकाने चढे भाडे देतात, असे त्यांना आढळले. गर्दी आणणाऱ्याला त्याचे श्रेय भाड्यातून दिले जाते. आपल्याकडे ही गर्दी कोण आणते? आठवडी बाजार आणतो. भाजीची पाटी घेऊन आलेली शेतकरी स्त्री आणते. तिच्याकडून घ्यावयाची बाजार-फी हलकी ठेवावी आणि बाजारालगतच्या पक्क्या गाळ्यांचे भाडे जागेच्या मोलाप्रमाणे घ्यावे, हे धोरण केवळ दयेचे नव्हे, हिशेबाचेही आहे.

अनामत, लिलाव आणि सवलत

गाळे बांधण्यास पैसा नसतो, म्हणून भावी पट्टेदारांकडून मोठी परत न करावयाची रक्कम आधी घ्यावी व भाडे नाममात्र ठेवावे, ही पद्धत अनेक गावांत रूढ झाली. गणिताने पाहता अधिमूल्य म्हणजे आगाऊ घेतलेले भाडेच. १० टक्के दराने १ लाख रुपयांचे व्याज वर्षाला १०,००० रुपये, म्हणजे महिना सुमारे ८३३ रुपये होते. व्यापारी तेवढे भाड्यातून वजा धरूनच बोली करतो. संस्थेला फुकट काही मिळत नाही. उलट दोन दोष निर्माण होतात. एकदम मोठी रक्कम उभी करू न शकणारा होतकरू विणकर, बचत गट किंवा बेरोजगार तरुण पहिल्याच पायरीवर गळतो. आणि आगाऊ आलेली रक्कम त्याच वर्षी खर्च झाली, तर पुढील सभागृहांच्या हाती नाममात्र भाडे तेवढे उरते. तीन महिन्यांच्या भाड्याइतकी परत करावयाची अनामत आणि वाजवी मासिक भाडे ही रीत अधिक न्याय्य दिसते.

निवड कशी करावी, याविषयी न्यायालयांनी मार्ग आखून दिला आहे. मुंबई विमानतळावरील एक उपाहारगृह व दोन अल्पोपाहार केंद्रे चालविण्याच्या निविदेवरून उद्भवलेल्या प्रकरणात १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सार्वजनिक प्राधिकरणाने एकदा पात्रतेची अट जाहीर केली, की ती अट त्यालाही बांधते. मनास येईल त्याला सार्वजनिक लाभ वाटता येत नाही. तेव्हा जाहिरात, अटी, किमान भाडे आणि मुदत हे सर्व आधी प्रसिद्ध व्हावे.

याचा अर्थ दुर्बलांना सवलत देऊ नये असा नव्हे. नियमांच्या चौकटीत राहून विणकरांच्या सहकारी संस्थेला वा महिलांच्या गटाला सवलत देता येईल. पण ती उघड असावी. बाजारभावाने भाडे किती झाले असते, सवलत किती, ती किती वर्षे, आणि पोटभाड्याने दिल्यास ती कशी रद्द होईल, हे ठरावात नमूद व्हावे. अंदाजपत्रकात दिसणाऱ्या सवलतीचा हिशेब मागता येतो. न वाढलेल्या भाड्यात लपलेल्या सवलतीचा हिशेब कोणीच मागत नाही.

गुंतवणूकदाराची नोंदवही

भाडे हे नियमित उत्पन्न असल्याने त्यावर गुंतवणुकीची मोठी इमारत उभी राहते. भारतात सेबीने २०१४ साली स्थावर मालमत्ता गुंतवणूक न्यासांसाठी विनियम केले आणि असा पहिला न्यास १ एप्रिल २०१९ रोजी शेअर बाजारात सूचिबद्ध झाला. न्यासाच्या मालमत्तेपैकी, मूल्याने, किमान ८० टक्के भाग पूर्ण झालेल्या व उत्पन्न देणाऱ्या जागांत असावा लागतो आणि वाटपयोग्य रकमेपैकी किमान ९० टक्के रक्कम गुंतवणूकदारांना द्यावी लागते. लहान गुंतवणूकदारही त्यात भाग घेऊ शकतो.

नगरपरिषदेने शेअर बाजारात जावयाचे नाही. पण अशा न्यासांची एक सवय घेण्याजोगी आहे. किती जागा भरलेल्या, कोणता करार केव्हा संपतो, वाढ केव्हा देय आहे आणि थकबाकी किती, हे त्यांना वेळोवेळी गुंतवणूकदारांपुढे मांडावे लागते. नगरपरिषदेचे गुंतवणूकदार म्हणजे गावातील सर्व करदाते. ही चार सदरे असलेली गाळ्यांची नोंदवही वर्षातून एकदा सभेपुढे आणि सूचना-फलकावर आली, तर बहुतेक वाद मुळातच खुंटतील.

शाळा-महाविद्यालयांचा वाटा

वाजवी भाडे कोणते, हे ठरविण्यासाठी माहिती हवी, आणि ती गावातच असते. नागपुरात बालपण गेलेले अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेमार्फत पुणे शहराची जी सामाजिक-आर्थिक पाहणी केली, तिचे भाग १९४५ व १९५२ साली प्रसिद्ध झाले. घरोघर जाऊन जमविलेल्या माहितीवर ती उभी होती. तेवढा मोठा व्याप नको. एका शिक्षकाने वीस विद्यार्थ्यांसह बाजाराचा नकाशा काढावा. प्रत्येक दुकानाचे क्षेत्र, दर्शनी तोंडाची रुंदी, चौकापासूनचे अंतर, रस्त्याची रुंदी आणि दुकानदार स्वेच्छेने सांगतील ते भाडे यांची नोंद करावी. या गुणांपैकी कोणत्या गुणाला बाजार किती मोल देतो, हे तक्त्यावरून दिसू लागते. आधुनिक संशोधक संगणकावर हेच काम करतात. असा तक्ता सभेपुढे असेल, तर भाडे जुन्या ठरावावर किंवा कोणाच्या शब्दावर अवलंबून राहणार नाही.

गाळ्याचे भाडे हा नगरपरिषद आणि दुकानदार या दोघांपुरता व्यवहार वाटतो, पण त्यात तिसरा पक्षही असतो. ज्याला अद्याप गाळा मिळालेला नाही तो तरुण, आणि ज्याच्या गल्लीत अद्याप दिवा लागलेला नाही तो नागरिक, हा तो पक्ष. पट्ट्यावर त्याची सही नसते. लेखी करार, नियमित वाढ, पुरेशी मुदत, उघड निवड आणि उघड सवलत या पाच गोष्टी पाळल्या, तर त्याचेही हित पट्ट्यात नोंदले जाईल.